विंडोज उडायची ती कशामुळे?

संगणक सुरू होईनासा झाला की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: व्हायरस आला. गिऱ्हाईक सीपीयू उचलून दुकानात आणतं आणि वायरी जोडायच्या आत सांगून मोकळं होतं, ‘पोरांनी काहीतरी डाउनलोड केलंय.’ हार्डवेअरवालाही वाद घालत नाही. फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, पैसे घेतो. ती उडाली कशामुळे हे शोधायला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम कशाकशाने बिघडत आल्या, याचा बराचसा पुरावा आपल्याकडे फॉरमॅटमध्येच पुसला गेला. तरी जेवढं हाती लागतं त्यावरून माझं मत असं झालं आहे की व्हायरसच्या नावावर फार जास्त गुन्हे नोंदले गेले आणि विजेच्या नावावर फार कमी. आणि अलीकडचे सगळ्यात मोठे घात तर राखणदारांच्याच हातून झालेले आहेत.

तरी सुरुवात व्हायरसपासूनच करावी लागते. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. त्यांनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात राहायचा. मशीन चालू झालं की बायोस आधी हा तुकडा वाचतो आणि त्यातला प्रोग्राम चालवतो. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरून मशीन सुरू केलं की ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश यायचा, तो त्या काळातल्या सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण तो संदेश दाखवणारा प्रोग्रामही फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच असतो. फ्लॉपी बाधित असली, तर संदेश पडद्यावर उमटेपर्यंत व्हायरस मेमरीत जाऊन बसलेला असायचा. फ्लॉपी काढून पुढे जाणाऱ्याला वाटायचं, काही झालंच नाही.

त्यानंतरचा मायकेलएंजेलो हार्ड डिस्कवरही ठाण मांडायचा. वर्षभर गप्प राहायचा आणि ६ मार्चला मशीन सुरू झालं की डिस्कचा सुरुवातीचा भाग खोडून टाकायचा. १९९२ च्या मार्चमध्ये त्याची जगभर धास्ती होती. नुकसान मात्र भाकितांच्या मानाने किरकोळ झालं. पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. संजय यांनी याच व्हायरसवर उतारा लिहिला आणि त्यातून पुढे क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावरून उत्पादन निघाल्याची आपल्याकडची उदाहरणं तशी थोडीच आहेत.

खरा हाडवैरी निघाला तो तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच. २६ एप्रिल १९९९ रोजी, चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेला, त्याने विंडोज ९५ आणि ९८ ची मशीन्स अक्षरशः झोपवली. हार्ड डिस्कचा पहिला एक एमबी त्याने पुसला, आणि जिथे जमलं तिथे मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहिला. बायोसच गेल्यावर फॉरमॅट तरी कुठून मारणार? चिप काढून पुन्हा प्रोग्राम करायची, नाहीतर बोर्ड बदलायचा. सॉफ्टवेअरने हार्डवेअरचं काही बिघडत नाही, असं तोवर छातीठोकपणे सांगितलं जायचं.

पण रोजच्या रोज टेबलावर येणारी मशीन्स सीआयएचने मारलेली नसायची. ती लाइट गेल्याने मेलेली असायची.

हे नीट समजायला डॉस आणि विंडोज ९८ ची डिस्क आतून पाहावी लागते. फाइल सेव्ह करणं हे वरून दिसायला एकच काम. आत ते किमान तीन जागी होतं: मजकूर डिस्कच्या मोकळ्या भागात लिहायचा, तो भाग कुणाला दिला याची नोंद ‘फॅट’ नावाच्या तक्त्यात करायची, आणि फोल्डरमध्ये नाव, आकार, सुरुवात लिहायची. यांतलं एक काम झालं, दुसरं व्हायचंय, एवढ्यात वीज गेली की हिशेब फसला. भाग दिलेला आहे पण मालक नाही, अशा बेवारशी तुकड्यांना डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क ‘लॉस्ट क्लस्टर’ म्हणायचं आणि ते ०००० पासून क्रमांक घातलेल्या सीएचके फाइलींत गोळा करायचं. त्या फाइली उघडून पुन्हा कामाला आल्या, असं क्वचितच घडायचं. हरवलेला तुकडा तुमच्या पत्राचा असेल तर पत्र गेलं, सिस्टिमच्या फाइलीचा असेल तर विंडोज गेली.

त्यात भर म्हणजे वेग वाढवायला केलेली सोय. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये स्मार्टड्राइव्ह हे सॉफ्टवेअर डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत धरून ठेवायचं आणि थोड्या वेळाने उतरवायचं. पडद्यावर प्रॉम्प्ट परत आला म्हणजे काम झालं असं समजून लोक बटण बंद करायचे, आणि मजकूर अजून मेमरीतच असायचा. ६.२ आवृत्तीत लिखाण पुरं झाल्याशिवाय प्रॉम्प्ट येणार नाही असा बदल करावा लागला. स्कॅनडिस्कही त्याच आवृत्तीबरोबर आलं. विंडोज ९५ चा तो नारिंगी अक्षरांतला ‘आता बंद करायला हरकत नाही’ हा संदेश याच दुखण्यावरचा होता. आपल्याकडे तो येईपर्यंत थांबायला वीज तयार असली पाहिजे, एवढीच अडचण.

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास, शहरांत त्याहून कमी. सायबर कॅफे, डीटीपीवाले, शाळांच्या लॅब, पतसंस्था सगळे त्यात. आश्चर्य वाटेल, पण वेळापत्रकाप्रमाणे जाणाऱ्या विजेने त्यातल्या त्यात कमी नुकसान केलं. दहाला जाणार म्हटल्यावर माणूस पावणेदहाला शटडाउन करायचा. घात व्हायचा तो मध्येच एक सेकंद जाऊन येणाऱ्या विजेने, आणि येताना व्होल्टेज घेऊन येणाऱ्या विजेने. यूपीएस असायचा, पण त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते हे कुणी मनावर घेत नसे. सुरुवातीला पंधरा मिनिटं चालणारा तो डबा पुढे एकदाच बीप मारून मशीनसकट बंद पडायचा. जुन्या वाड्यातल्या वायरिंगला अर्थिंग नसायचं, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. याच सुमाराला निकृष्ट कपॅसिटरांची साथ जगभर आली होती. प्रोसेसरच्या भोवतालचे कपॅसिटर डोक्यावर फुगून तपकिरी रस सोडायचे, मशीन मधूनच रीस्टार्ट व्हायचं, आणि अशा प्रत्येक रीस्टार्टमध्ये विंडोजची एखादी फाइल अर्धी राहायची. गिऱ्हाईकाला तोंडी सांगून पटायचं नाही. टॉर्च मारून फुगलेले डबे दाखवले की पटायचं.

एव्हाना घरोघरी विंडोज एक्सपी आली होती आणि तिच्याबरोबर एनटीएफएस. या फाइल सिस्टिमचं डोकं व्यापाऱ्याचं आहे: आधी कीर्दीत नोंद, मग खतावणी. बदल करायच्या आधी तो काय होणार हे लॉगमध्ये लिहिलं जातं, आणि मध्ये वीज गेली तर पुढच्या वेळी लॉग पाहून काम पुरं केलं जातं किंवा मागे घेतलं जातं. लॉस्ट क्लस्टरची कटकट त्यामुळे जवळजवळ संपली. पण हा लॉग डिस्कच्या रचनेचा असतो, फाइलीतल्या मजकुराचा नव्हे. फाइल जागेवर सापडायची, आतला मजकूर मात्र शाबूत असेलच असं नाही.

आणि मजकूर बिघडायला सगळ्यात वाईट जागा म्हणजे रजिस्ट्री, विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग, सिस्टिम ही फाइल सापडत नाही किंवा बिघडली आहे’ असा संदेश घेऊन एक्सपीची किती मशीन्स दुकानांत आली त्याला गणती नाही. बहुतेकांचा फॉरमॅट झाला. तो टाळता येत होता. एक्सपीची सीडी टाकून ‘आर’ दाबायचं, रिकव्हरी कन्सोलमध्ये जायचं, कॉन्फिग फोल्डरमधल्या सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या पाच फाइली बाजूला करायच्या आणि ‘रिपेअर’ फोल्डरमधल्या पाच तिथे ठेवायच्या. मशीन सुरू व्हायचं, पण विंडोज पहिल्यांदा टाकली त्या दिवशीच्या अवस्थेत. म्हणून मग सेफ मोडमध्ये जाऊन सिस्टिम रिस्टोअरच्या लपवलेल्या फोल्डरमधून चार दिवसांपूर्वीची रजिस्ट्री उचलायची आणि पुन्हा कन्सोलमधून ती बसवायची. तासाभराचं काम. टॅली, श्रीलिपी, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं जागच्या जागी. ज्याला हे येत होतं तो दुकानदार त्या बोळातला डॉक्टर असायचा.

डीएलएलची भांडणं हा त्याच काळातला एक वेगळा ताप. नवा प्रोग्राम टाकला की तो सगळ्यांच्या सामायिक फाइलीवर आपली जुनी प्रत चढवायचा आणि दुसरेच तीन प्रोग्राम बंद पडायचे. विंडोज २००० पासून सिस्टिम स्वतःच अशा फाइली परत जागेवर ठेवू लागली आणि ते प्रकरण हळूहळू निवळलं.

पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसचं प्रकरण निवळायला जास्त वेळ लागला. त्यात आपल्या सवयींचाही हात होता. २००८ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने बनावट एक्सपीवर दर तासाला वॉलपेपर काळा करायला सुरुवात केली. चोरीच्या सीडीवरून विंडोज टाकलेल्यांनी धसका घेऊन अपडेटच बंद करून टाकले. ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने एका गंभीर भगदाडावर तातडीचा पॅच दिला आणि नोव्हेंबरात कॉन्फिकर नेमका त्याच भगदाडातून शिरला. सुरक्षेचे पॅच बनावट प्रतींनाही मिळत होते, पण ऐकतो कोण? कॉन्फिकर आत आला की आधी विंडोज अपडेट बंद करायचा, अँटिव्हायरसच्या साइट अडवायचा, रिस्टोअर पॉइंट पुसायचा. मग ऑटोरनच्या, म्हणजे ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या, वाटेने पेनड्राइव्हवर. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला गेलेली मुलं तो तिथून कॉलेजच्या लॅबमध्ये आणि लॅबमधून घरी न्यायची. जुन्या विंडोजमधलं ऑटोरन बंद करणारा अपडेट सगळ्यांना मिळाला तो २०११ च्या फेब्रुवारीत.

इथून पुढे चित्र पालटतं. विजेची तगमग इन्व्हर्टर आणि लॅपटॉपच्या बॅटरीने बरीच सांभाळली, व्हायरसवाल्यांनाही मशीन मारण्यापेक्षा ते जिवंत ठेवून पैसे काढण्यात रस वाटू लागला. आता घाव पडू लागले ते आतून. २०१० च्या फेब्रुवारीत विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेक एक्सपी मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. चौकशीत निघालं की त्यांत अल्यूरियन हा रूटकिट आधीपासून लपलेला होता आणि अपडेटने कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, बदलल्यावर त्याचे पत्ते चुकले. दोष अपडेटच्या माथी बसला. दोनच महिन्यांनी, २१ एप्रिलला, मॅकॅफीच्या अँटिव्हायरसने एक्सपीचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस म्हणून धरली आणि बाजूला काढली. विंडोजचं निम्मं काम जिच्यातून चालतं ती फाइल! मशीन्स रीस्टार्टच्या चक्रात फिरत राहिली.

२७ जून २०१७ चा नॉटपेट्या या सगळ्यांत पाताळयंत्री. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतल्या टर्मिनलपर्यंत पोचला, कंटेनर अडकले. त्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तो मशीन रीस्टार्ट करायचा आणि पडद्यावर चेकडिस्क दाखवायचा: सी ड्राइव्हची दुरुस्ती चालू आहे, मशीन बंद करू नका. चेकडिस्क खोटं होतं. त्या पडद्यामागे फाइलींची मुख्य सूचीच कुलूपबंद होत होती. पंचवीस वर्षं लोकांना पढवलं होतं की दुरुस्ती चालू असताना बटण दाबायचं नाही. त्या दिवशी ज्याने वेळीच प्लग उपटला त्याच्या फाइली वाचण्याची काही आशा होती.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार अजून ताजा आहे. सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइकने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल जगभर पाठवली. वाचणाऱ्या प्रोग्रामला एकवीस रकाने हवे होते, मिळत होते वीस. एकविसावा शोधताना तो मेमरीत भलतीकडे गेला, आणि तो कर्नलमध्ये बसलेला असल्यामुळे अख्खी विंडोज घेऊन पडला. सुमारे ८५ लाख मशीन्स. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. काटेकोर बोलायचं तर सिस्टिमची एकही फाइल बिघडली नव्हती. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण पडलेलं मशीन नेटवर यायच्या आत पुन्हा पडायचं, म्हणून प्रत्येकापाशी माणूस जाऊन सेफ मोडमधून ती फाइल काढत होता, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तिथे आधी ४८ आकडी किल्ली शोधत होता.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने एक काटकसर करून ठेवली आहे, तिचा मला अजून राग आहे. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीची आपोआप निघणारी प्रत रेगबॅक फोल्डरमध्ये ठेवलेली असायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती बंद झाली, कारण डिस्कवरची जागा वाचते. फोल्डर तिथेच आहे, फाइलींची नावंही दिसतात, आकार शून्य. मशीन पडल्यावर घाईघाईने ते उघडणाऱ्याच्या तोंडून काय निघतं ते इथे छापता येणार नाही.

क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने नवी सोय जाहीर केली, ती २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये आली: मशीन वारंवार सुरू होईना तर ते स्वतःच रिकव्हरीत जाणार, नेटला जोडून घेणार, मायक्रोसॉफ्टकडे उपाय मागणार आणि लावून पुन्हा उठणार. घरगुती आवृत्तीत ती मुळातच चालू असते. तेवढ्यात लाइट आणि राउटर दोन्ही गेले नाहीत म्हणजे मिळवली.