लघवीतला पहारेकरी

मुलांनो, दवाखान्यात लघवी तपासायला सांगितली की तुम्ही नाक मुरडता ना? मुरडू नका! तिच्यात मोठी गंमत दडली आहे.

आपली मूत्रपिंडे म्हणजे बारीक गाळण्याच. ती दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. बहुतेक सारे रक्तात परत जाते आणि लघवी उरते जेमतेम दीड लिटर. रक्तातली प्रथिने या गाळणीतून सहसा निसटत नाहीत. तरीही निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत थोडी प्रथिने असतातच. साधारण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी.

त्यातले सर्वांत जास्त असणारे प्रथिन मूत्रपिंडातच तयार होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगॉर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० साली ते शोधले. त्याचे नाव युरोमोड्युलिन. लघवीच्या मार्गात शिरलेल्या जंतूंना ते चिकटते नि लघवीबरोबर बाहेर काढते. आहे की नाही पक्का पहारेकरी!

२००६ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या लघवीत तब्बल १५०० हून अधिक प्रकारची प्रथिने ओळखली. तुम्ही म्हणाल, धडधाकट माणसांची लघवी कशाला तपासायची? अरे, वर्गात रोज कोण असते ते ठाऊक असेल, तरच नवखा चेहरा ओळखता येतो ना! मूत्रपिंड बिघडू लागले तरी सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पण लघवीत वाढलेली प्रथिने आधीच वर्दी देतात.

म्हणून शाळेत लघवी तुंबवू नका. आणि लघवीला सतत फेस येत असेल, तर न लाजता आईबाबांना सांगा!