गोळ्या नगरच्या, डॉक्टर पारनेरचे

एचआयव्हीच्या उपचारांबद्दल खुद्द डॉक्टरांमध्येच एक समजूत घट्ट बसली आहे : हा विषय एआरटी केंद्राचा, आपला नव्हे. रुग्ण सापडला की नगरच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची, पुढचे तिथले लोक बघतील. वीस वर्षांपूर्वी यात तथ्य होते. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे, मोफत द्यायला सुरुवात केली तेव्हा देशभरात जेमतेम 8 संस्था हे काम करत होत्या. औषधांचा त्रास मोठा होता आणि बहुतेक रुग्ण अगदी खंगल्यावर यायचे. आता वेळेवर औषध सुरू झालेला आणि ते न चुकता घेणारा माणूस जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगतो. तब्येत स्थिर असेल तर त्याला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. म्हणजे वर्षातून चार खेपा नगरला आणि बाकी सगळे दिवस पारनेर तालुक्यात. त्या दिवसांत त्याला ताप येतो, कंबर धरते, साखर वाढते, दात दुखतो, घरात बाळंतपण येते. तेव्हा तो चाळीसेक किलोमीटरवरच्या नगरला जात नाही. निघोजच्या, सुप्याच्या, टाकळी ढोकेश्वरच्या दवाखान्यात जातो. ज्याची नोंद मुंबईच्या केंद्रात आहे तोही कोरठण खंडोबाच्या यात्रेला गावी आला आणि आजारी पडला तर गावच्याच डॉक्टरांकडे जाणार. म्हणून एचआयव्हीचे अद्ययावत शिक्षण केंद्रातल्या डॉक्टरांइतकेच या दवाखान्यांना हवे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी सौजन्य म्हणून नव्हे, गरज म्हणून मांडतो आहे.

यावर पहिले उत्तर मिळते की, आता रोजची एकच गोळी आहे, त्यात शिकण्यासारखे काय उरले? गोळी एकच आहे हे खरे. टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50, तिन्ही मिळून एक. ती चांगली औषधे आहेत आणि पूर्वीच्या मानाने त्रास फारच कमी. पण या गोळीचे बिनसते ते बहुतेक वेळा शेजारी दिलेल्या साध्या औषधामुळे. ऍसिडिटीसाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ औषध लिहून दिले आणि रुग्णाने दोन्ही एकत्र घेतले, तर डोल्युटेग्रॅव्हिर पोटात नीट शोषलेच जात नाही. गोळी त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. लोह आणि कॅल्शियम या गोळीबरोबर घ्यायचे तर जेवणासोबत चालते, उपाशीपोटी नाही. आणि या दोन्ही गोळ्या तर सरकारच प्रत्येक गरोदर बाईच्या हातात ठेवते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले की डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक मात्रा बारा तासांनी द्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, कारण डोल्युटेग्रॅव्हिर त्याचे रक्तातले प्रमाण वाढवते. कांदा काढून पाठ मोडलेल्या माणसाला आपण डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सहज टोचतो. तो टेनोफोव्हिर घेत असेल आणि अशी वेदनाशामके वरचेवर घेत राहिला, तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. याची दुसरी बाजूही आहे. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसते, पण मूत्रपिंडाला इजा झालेली नसते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर घाबरून गोळीच बंद करतो. त्याच गोळीने रुग्णाची हिपॅटायटिस बीसुद्धा आटोक्यात ठेवली असेल, तर अचानक बंद केल्यावर ती उसळते. यातले काहीही एआरटी केंद्राच्या टेबलावर घडत नाही. ते घडते गावातल्या दवाखान्यात, चार ओळींच्या चिठ्ठीवर.

दुसरी समजूत अशी की, एकदा शिकलेले पुरते. या विषयात ते अजिबात पुरत नाही. 2004 च्या सुमाराला शिकलेल्या डॉक्टरांना सीडी4 पेशी 200 च्या खाली जाईपर्यंत थांबायला शिकवले होते. ती मर्यादा पुढे 350 झाली, मग 500, आणि 2017 मध्ये भारताने ती काढूनच टाकली : निदान झाले की औषध सुरू. गरोदर स्त्रियांसाठी आजीवन उपचाराचे धोरण 2014 पासून आहे. काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. नीट उपचाराने ती 5 टक्क्यांच्या खाली येते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करायचे कारण उरलेले नाही, तरी ते अजून सुचवले जाते. अर्धवट अद्ययावत राहणेही किती घातक, हे डोल्युटेग्रॅव्हिरच्याच बाबतीत दिसले. 2018 मध्ये बोट्सवानातल्या निरीक्षणांवरून बाळाच्या मज्जारज्जूत दोष येतो की काय, अशी शंका आली आणि जगभर इशारे निघाले. अधिक नोंदी जमल्यावर ती शंका विरत गेली, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध स्त्रियांसह सर्वांसाठी पहिल्या पसंतीचे ठरवले. ज्याने इशारा ऐकला आणि खुलासा ऐकला नाही, तो तरुण विवाहितेला आजही उगाच चांगल्या औषधापासून परावृत्त करील. लागणीचेही तसेच. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सांगणारा पुरावा परका नाही. 2011 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एचपीटीएन 052 या अभ्यासात नऊ देशांतली 1763 जोडपी होती आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होती. लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला झालेली एकही लागण आढळली नाही. पुण्याच्या सहभागाने सिद्ध झालेली गोष्ट शेजारच्या जिल्ह्यातल्या नवराबायकोला त्यांच्या डॉक्टरांनी सांगू नये, याचे मला फार वाईट वाटते.

भीतीचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी केली की आपले कर्मचारी सुरक्षित, असे अनेक छोट्या रुग्णालयांना प्रामाणिकपणे वाटते. पण लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि नेमका तेव्हाच विषाणू भरपूर असतो. त्या कागदावर विसंबून हातमोजे सैल झाले, तर धोका वाढतोच. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता हजारात सुमारे तीन; लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. सुई टोचल्यावर लगेच, शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांत औषध सुरू करून 28 दिवस घ्यायचे असते. ते रात्री दोन वाजता कुठे मिळेल, हे परिचारिकेला माहीत असणे कुठल्याही तपासणीपेक्षा मोलाचे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदाही हेच सांगतो. संमतीशिवाय तपासणी नाही, उपचार नाकारणे हा भेदभाव, आणि आरोग्यसंस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधे पुरवलीच पाहिजेत. प्रशिक्षण हा शब्द कायद्यातच आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. एका दवाखान्यात असे रुग्ण वर्षाला येणार किती? चार, पाच? त्यांच्यासाठी एवढे शिकायचे? मला वाटते, थोडे रुग्ण हेच शिकण्याचे कारण आहे. जो आजार रोज दिसतो तो अनुभवाने शिकता येतो. सिॲटलमध्ये 403 एड्सरुग्ण पुरुषांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक अनुभव असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका, सर्वांत कमी अनुभव असलेल्यांच्या रुग्णांपेक्षा 31 टक्क्यांनी कमी होता. तो काळ आजच्या औषधांच्या आधीचा, म्हणून तो आकडा आज तसाच लावता येणार नाही. पण अनुभवाची उणीव रुग्णाला भोगावी लागते, हे त्यातून स्पष्ट होते. पारनेरच्या डॉक्टरांना हा अनुभव आपसूक मिळणार नाही. तो दुसऱ्यांकडून, ठरवून आणावा लागेल.

कसा आणायचा, यात मात्र आपले चुकते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना पाच वर्षांत 30 तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण अपेक्षित आहे. ते शहरातल्या सभागृहात, भाषणे ऐकून, जेवणानंतर प्रमाणपत्र घेऊनही पुरे होते. 1999 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा कार्यक्रमांच्या चाचण्यांचा आढावा आला. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचे वागणे बदलल्याचे दिसले नाही; चर्चा, सराव, प्रत्यक्ष केस यांनी बदलले. न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस सीसाठी हीच दिशा धरली. खेड्यातल्या डॉक्टरांनी आपले रुग्ण दूरदृश्य बैठकीत नाव न सांगता मांडायचे, तज्ज्ञांनी त्यावर बोलायचे आणि उपचार गावातच व्हायचे. 2011 च्या निष्कर्षांत 407 रुग्णांपैकी विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के आणि खेड्यांत 58.2 टक्के बरे झाले. आजार वेगळा आहे, पण अडचण आपलीच आहे : लांबचे अंतर आणि ओपीडी बंद ठेवली की बुडणारा दिवस. पारनेर ग्रामीण रुग्णालय आणि नगरचे एआरटी केंद्र मिळून महिन्यातून एक तास, दुपारच्या सुट्टीत, अशी बैठक घेऊ शकतील. त्यात बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर, परिचारिका आणि मेडिकलवाले असलेच पाहिजेत. त्यांची पदवी वेगळी म्हणून त्यांना वगळले, तर तालुक्यातले बरेचसे रुग्ण ज्यांच्याकडे पहिल्यांदा जातात तेच बाहेर राहतील. एड्स पूर्ण बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये, असे औषध नियमांचे परिशिष्ट ‘जे’ सांगते. तरी तसा दावा ऐकून रोजची गोळी सोडलेला माणूस भेटतो, तो बहुधा याच डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना.

शेवटचा आक्षेप : रुग्ण आपला आजार सांगतच नाही, मग शिकून उपयोग काय? तो सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होते ते त्याने पाहिलेले असते. त्याच्यावर सांगण्याची सक्ती करता येत नाही, करूही नये. पण ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाला, एचआयव्हीचा शब्दही न काढता, दार बंद करून, "रोजची कुठली औषधे चालू आहेत, नगरहून किंवा मुंबईहून काही आणता का?" असे विचारता येते. उत्तर मिळाल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हलले नाही, केसपेपरवर लाल शाईत काही लिहिले गेले नाही आणि ऍसिडिटीच्या औषधाची वेळ नीट समजावून सांगितली गेली, तर पुढच्या खेपेला तो डबी सोबत घेऊन येईल.