रंगविलेली कुंडी : एक स्वस्त व सजीव भेट

सण आला, कोणाचें लग्न ठरलें किंवा वर्गशिक्षकांची बदली झाली, कीं ‘भेट काय द्यावी?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें उभा राहतो. आणि त्याच्या मागोमाग ‘पैसे कोठून आणावे?’ हा प्रश्न आईबापांपुढें येतो. ह्या दोन्ही प्रश्नांस एकच उत्तर आहे. तें म्हणजे स्वतःच्या हातांनीं रंगविलेली मातीची कुंडी व तींत स्वतः रुजविलेलें रोपटें. परंतु बाजारांतून कुंडी आणली, तिला चकचकीत रंग फासला व झाड लावलें, एवढ्यानें हें काम साधत नाहीं. अशा कुंडीचा रंग थोड्याच दिवसांत पोपडे धरून गळूं लागतो, व कित्येकदां आंतील झाडहि कुजतें. असें कां होतें हें समजून घेतलें, तर काम सोपें होतें व भेटहि टिकते.

आपल्या कोल्हापुरास मातीच्या कामाची परंपरा फार जुनी आहे. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष व त्यांबरोबर मातीचीं भांडींहि निघालीं. आजहि शाहूपुरी, गंगावेस व बापट कँप येथील कुंभारवस्त्या गणेशमूर्तींकरितां प्रसिद्ध आहेत.

रंगविलेलीं भांडीं तर ह्याहूनहि जुनीं आहेत. संगमनेराजवळील जोर्वे येथें १९५०-५१ सालीं, व पुढें १९६८ ते १९८३ ह्या काळांत पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें झालेल्या उत्खननांत तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगानें काढलेली नक्षी आढळली. तीन हजार वर्षें मातीखालीं राहूनहि ती पुसली गेली नाहीं. त्या कुंभारांनीं भांडें भाजण्यापूर्वीं नक्षी काढली होती. त्यामुळें भट्टींत रंग व माती एकजीव झालीं. आपण मात्र भाजून तयार झालेल्या कुंडीवर रंग देतों. तो मातीशीं एकरूप होत नाहीं. केवळ वरून चिकटून राहतो.

आतां घरांतील माठाकडे पाहा. त्याच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, बाहेरच्या हवेंत त्याची वाफ होते व आंतील पाणी गार राहतें. कुंडीचेंहि तसेंच आहे. जास्त झालेली ओल तिच्या अंगांतून बाहेर पडते, व त्यामुळें मुळांस हवा मिळते. सर्व कुंडीस तैलरंग फासला, तर हीं छिद्रें बुजतात. बाहेर येणारी ओल रंगाला मागून ढकलते. पाण्यांतील क्षारहि तेथेंच सांचतात. मग रंगास फुगे येतात. आंत ओल कोंडली, तर मुळें कुजण्याचा धोकाहि वाढतो.

ह्यावर उपाय साधा आहे. लुगड्याची शोभा जशी काठांत, तशी कुंडीचीहि काठांत असावी. मातीच्या पातळीच्या वर राहणारा काठ सर्वांत कोरडा असतो; म्हणून नक्षी तेथेंच काढावी व खालचें अंग मोकळें ठेवावें.

कुंडी घेतांना बोटानें वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला, तर ती चांगली भाजलेली व अखंड समजावी. बद्द आवाज आला, तर बहुधा कोठें तरी चीर असते. तळाशीं भोंक आहे ना, हेंहि पाहावें. नंतर कुंडी घासून धुवावी व तीन दिवस उन्हांत वाळवावी. खालच्या अंगास तांबडेपणा हवा असल्यास पाण्यांत कालविलेला गेरू लावावा. गेरूनें छिद्रें बुजत नाहींत. पावसानें तो फिका पडला, तरी पुन्हां लावतां येतो. काठास पाण्यांत कालवावयाचा ॲक्रिलिक रंग द्यावा. एक जाड थर न देतां दोन पातळ थर द्यावे, व पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. त्यावर रांगोळीचे ठिपके, वेल किंवा साधे त्रिकोण काढले, तरी पुरेसें शोभतें.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. शेंदूर हा शिशापासून होतो, व शिसें हें विष आहे. लहान मुलांस त्यापासून विशेष अपाय होतो. म्हणून कुंडीस शेंदूर लावूं नये. घरांत उरलेले जुने तैलरंगहि वापरूं नयेत. भारतांत घरगुती रंगांत दहा लाख भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या डब्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं.

रोपट्यास तर पैसाहि लागत नाहीं. पानओव्याचा चार बोटें लांबीचा फांटा तोडून, खालचीं पानें काढून ओलसर मातींत खोंचला, तर दोन-तीन आठवड्यांत मुळें धरतो. कोरफडीच्या बुडाशीं येणारीं पिलें वेगळीं करून लावतां येतात. तुळस बियांपासून सहज होते. भोंकावर खापराचा तुकडा ठेवून माती, कुजलेलें शेणखत व थोडी वाळू यांचें मिश्रण भरावें. मात्र सणाच्या आदल्या दिवशीं हें सारें होणें नाहीं; दिवाळी किंवा नाताळ यांच्या निदान महिनाभर आधीं आरंभ केला पाहिजे. ह्या भेटींत पैसा थोडा लागतो, पण वेळ द्यावा लागतो; आणि घेणाराला त्याच वेळाचें मोल वाटतें.

भेट देतांना कुंडीसोबत एक चिठ्ठी अवश्य द्यावी. झाडाचें नांव, त्यास ऊन किती हवें, पाणी केव्हां घालावें, व ताटलींत सांचलेलें पाणी डास होऊं नयेत म्हणून वरचेवर ओतून टाकावें, एवढें तींत सुवाच्य अक्षरांत लिहावें. कोरफडीच्या चिठ्ठींत ‘माती कोरडी झाल्यावांचून पाणी घालूं नये’ हें वाक्य विसरूं नये. कारण प्रेमानें रोज पाणी घालूनच पुष्कळ कोरफडी मरतात.