मोटारीच्या टपावरची काडी

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या कामासाठी आम्ही अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात होतो. वसंत ऋतूत तिथे टोर्नेडो, म्हणजे भीषण वावटळी, येतात. त्यांचे इशारे देण्यासाठी तिथल्या हवामान खात्याचे वेगळे रेडिओ-जाळे आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात वारंवारतांवर ते चोवीस तास बोलत असते. आपला नेहमीचा एफ.एम. रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. आमच्याकडे होता स्कॅनर. ओळीने एकेक वारंवारता चाचपत जाणारा आणि बोलणे सापडेल तिथे थांबणारा हा रेडिओ हाताच्या पंजात मावेल एवढाच असतो. घरात तो छान बोलायचा.

एका दुपारी आम्ही गाडीतून शहराबाहेर असताना पश्चिमेचे आभाळ हिरवट-काळे झाले. शेजारी बसलेल्या मित्राने स्कॅनर लावला, तर नुसती खरखर. काचेशी धरला की दोन शब्द यायचे, रस्ता वळला की तेही जायचे. ज्या काउंटीचे नाव घेतले ती आपली की पलीकडची, हेच कळेना. अखेर गाडी कडेला घेतली. मित्र खाली उतरून चार पावले गेला मात्र, आवाज स्वच्छ येऊ लागला. इशारा शेजारच्या काउंटीसाठी होता. आम्ही वाचलो ते वादळाच्या मर्जीने. स्कॅनरचा त्यात काही वाटा नव्हता.

घरात बोलणारे यंत्र गाडीत बहिरे का झाले? पहिले कारण उघड आहे. मोटार म्हणजे पत्र्याची पेटी. वाहक पदार्थाच्या बंद पेटीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे फॅराडेने १८३६ साली धातूने मढवलेल्या खोलीत बसून दाखवले होते. मोटारीला खिडक्या आहेत, त्यामुळे लहरी आत येतात. पण कितपत येतात हे खिडकीच्या आणि लहरीच्या मापांवर ठरते. तरंगलांबी काढणे सोपे आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. १६२.५ मेगाहर्ट्झसाठी ते साधारण १.८५ मीटर. खिडकी तर मीटरभर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर उंच. अशा भोकातून ही लहर आखडत आत येते, आणि आल्यावर पत्र्यावर आपटून परतते. पडलेल्या आणि परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात. म्हणून स्कॅनर वीतभर सरकवला की आवाज येतो किंवा जातो.

दुसरे कारण स्कॅनरच्या डोक्यावरच असते. तिथला आखूड रबरी अँटेना म्हणजे आत गुंडाळलेली स्प्रिंगसारखी तार. खिशात मावावा म्हणून त्याला आखूड केलेले आहे, आणि त्याची किंमत त्याच्या ग्रहणशक्तीने मोजलेली आहे. शिवाय अँटेनाला दुसरी बाजू लागते. हातातल्या यंत्राला ती त्याची छोटी पेटी आणि धरणाऱ्याचा हात यांतून कशीबशी मिळते.

ही दुसरी बाजू काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. उभ्या तारेच्या वरच्या मोकळ्या टोकाला प्रवाह शून्यच असणार, कारण पुढे जायला वाट नाही. तिथून पाव तरंगलांबी खाली आलो की प्रवाह सर्वांत जास्त असतो, आणि तिथेच केबल जोडली तर ऊर्जा सहज काढून घेता येते. पण केबलला दोन वाहक असतात. एक तारेला जोडला, दुसरा कशाला? मार्कोनीने १८९५ साली तो सरळ जमिनीला जोडला. वाहक पृष्ठभाग आरशासारखा वागतो. पाव तरंगाची तार आणि तिचे पाव तरंगाचे प्रतिबिंब मिळून अर्ध्या तरंगाचा अँटेना झाल्यासारखा होतो. मोटारीला जमिनीची गरज नाही, तिचा टप आहे. आत बसणाऱ्याला जो पत्रा शत्रू होता, तोच वर काडी उभी केली की निम्मा अँटेना होतो!

१६२.५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंग म्हणजे ४६ सें.मी. (टोकाच्या परिणामामुळे प्रत्यक्षात काडी सुमारे पाच टक्के आखूड ठेवतात.) काडीभोवती सर्व बाजूंना साधारण तेवढाच पत्रा हवा. टप मीटरभर रुंद असतोच, तेव्हा जागा त्याच्या मधोमध. डिकीच्या कडेला लावलेला अँटेना एका बाजूला चांगला, दुसऱ्या बाजूला कमी ऐकतो. काडी उभीच हवी, कारण गाड्यांशी बोलणारी प्रक्षेपण-केंद्रे सहसा उभ्या ध्रुवणाच्या लहरी पाठवतात.

टपाला भोक पाडायची गरज नाही. चुंबकाच्या बैठकीचा अँटेना मिळतो. मध्ये रंगाचा थर असताना जोडणी कशी होते, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारेल. बैठक आणि टप या धारित्राच्या दोन पट्ट्या, आणि रंग हा त्यांमधला विद्युतरोधक. एवढ्या वारंवारतेला त्याचा अडथळा काही ओहमच भरतो. ॲल्युमिनियमच्या टपाला मात्र चुंबक चिकटणार नाही. केबल दाराच्या रबराखालून आत घ्यावी आणि गरजेपेक्षा लांब ठेवू नये. आर.जी.-५८ जातीच्या चार मीटर केबलमध्ये या वारंवारतेला पाचवा-सहावा हिस्सा शक्ती वाया जाते, ४६० मेगाहर्ट्झला त्याहून बरीच अधिक.

दुकानदार जास्त 'गेन'चा, मीटरभराहून लांब अँटेना दाखवतो. एकाच वारंवारतेवर काम असेल तर तो उत्तम. पण त्याच्या बुडाशी असलेले वेटोळे एकाच पट्ट्याला जुळवलेले असते. स्कॅनरला विमानांचा ११८ ते १३७, हवामानाचा १६२ आणि ४५० च्या वरचा असे दूरदूरचे पट्टे ऐकायचे असतात. आमची निवड ४७ सें.मी.ची साधी काडी. ती १५० ते १६० च्या आसपास पाव तरंगाची, आणि तिप्पट वारंवारतेला पाऊण तरंगाची होते. तिथेही बुडाशी प्रवाह मोठाच. पाऊण तरंगाला तिचा रोख थोडा आभाळाकडे वळतो, तेवढे सोसावे. विमानांच्या पट्ट्याला ती आखूड पडते, पण विमान उंचावर आणि समोर असते, त्यामुळे भागते. प्रक्षेपण करायचे असेल तर अशी सवलत नाही. तिथे लांबी चुकली की शक्ती उलटी परतते.

मोठ्या शहरात एक गंमत होते. चांगल्या अँटेनातून एफ.एम. केंद्रांचे जोरकस सिग्नलही आत घुसतात, छोट्या स्कॅनरला ते पेलत नाहीत, आणि त्यांच्या मिसळणीतून नसलेली केंद्रे ऐकू येऊ लागतात. तेव्हा ८८ ते १०८ चा पट्टा अडवणारी गाळणी मध्ये जोडावी, नाही तर चक्क रबरी अँटेनावर परतावे.

अमेरिकेतल्या काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत. आपल्याकडे बिनतारी यंत्रे बाळगण्यालाच परवान्याचे बंधन आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर हातातला संच घेऊन प्रवास करणाऱ्या परवानाधारक हॅमना मात्र हाच सगळा हिशेब लागतो.

वर्गात पडताळा घ्यायला स्कॅनर नको. ओढून लांब करायची एरियल असलेला एफ.एम. ट्रान्झिस्टर आणि पत्र्याची ट्रंक पुरे. दूरचे, जेमतेम येणारे केंद्र लावा. जवळचे असेल तर ते झाकणाच्या फटीतूनही येईल आणि प्रयोग फसेल. ट्रान्झिस्टर आत ठेवून झाकण लावा, मग झाकण किंचित उचलून फक्त एरियल बाहेर काढा. मध्यम लहरींवर हा प्रयोग करू नका. त्यांचा अँटेना फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला, रेडिओच्या पोटातच असतो. एरियल कितीही बाहेर काढली तरी तो ट्रंकेतच राहणार.