व्याख्यान मोफत, श्रेयांक मात्र कमवावा लागतो

देऊळगाव राजाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे विद्यापीठ दूर अमरावतीला. हवा तो विषय गावात शिकवला जात नसेल, तर पूर्वी गाव सोडावे लागे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या संगणकीय मंचामुळे आता आणखी एक वाट झाली आहे.

येथील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: चित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि शंकाचर्चा. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. आयआयटींच्या ‘एनपीटेल’ अभ्यासक्रमांत साधारणपणे २५ टक्के गुण गृहपाठाला आणि ७५ टक्के परीक्षेला असतात. म्हणजे नुसती व्याख्याने पाहून भागत नाही.

मग हे गुण पदवीत धरतात का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात. पण त्यांपैकी कोणते चालतील, हे विद्यापीठ ठरवते. येथेच फसगत होऊ शकते. आधी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि मग चौकशी केली, तर ज्ञान पदरी पडेल. श्रेयांक पडेलच असे नाही.

म्हणून शिक्षकांना आम्ही दोन गोष्टी सुचवतो. नावनोंदणीपूर्वीच विद्यार्थ्याला महाविद्यालयाची मान्यता घ्यायला लावा. आणि एकच अभ्यासक्रम घेतलेल्या चार-पाच जणांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवा. पडद्यावरचा प्राध्यापक शिकवतो खरा. पण मागे कोण पडले, हे शेजारी बसलेल्यालाच आधी कळते.