आरमार डब्यात, डबा लोकलमध्ये!

इंचभर लांबीच्या जहाजांची लढाई टेबलावर खेळणं सोपं. ती जहाजं गिरगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत सांभाळायची आणि डोलकाठी न मोडता दादरपर्यंत न्यायची, खरं युद्ध ते!

दिवाळी संपली की किल्ला मोडायचा, मावळे रद्दीच्या पेपरात गुंडाळायचे, बुटाच्या खोक्यात भरायचे आणि खोका माळ्यावर. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी खोका उघडला की दोघांचे भाले गेलेले, एकाचं डोकं गायब. चालतं! नवे मावळे आणायचे. पण आता त्याच घरातला पोरगा कमावता झालाय आणि त्याला टेबलावरच्या आरमारी लढायांचा नाद लागलाय. त्याच्या जहाजाचं शीड फाटलं तर ते दादरच्या फुटपाथवर मिळत नाही, बॉस!

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर निळं कापड, त्यावर दोन आरमारं, हातात मोजपट्टी आणि फासे. कुठलं जहाज किती इंच सरकेल, वारा कुठून आहे, तोफ कुठवर पोचेल, सगळ्याचे नियम ठरलेले. लहान मुलांचा खेळ म्हणून नाक मुरडू नका. 'जेन्स फायटिंग शिप्स' हा जगप्रसिद्ध संदर्भग्रंथ सुरू करणाऱ्या फ्रेड जेनचा स्वतःचा असा खेळ होता, शंभर वर्षांपेक्षा जुना. आणि १९४२ साली लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या टीममधल्या तरुण मुली जमिनीवर आखलेल्या 'समुद्रात' चिमुकली जहाजं सरकवून जर्मन पाणबुड्यांना कसं चकवायचं ते शोधत होत्या. तिथे शिकलेले डावपेच खऱ्या अटलांटिकमध्ये वापरले गेले.

यातली एक लोकप्रिय स्केल म्हणजे १:१२००. हिशेब सोपा, एक इंच म्हणजे शंभर फूट. आपली जुनी 'विक्रांत' सातशे फुटांची होती, म्हणजे टेबलावर सात इंच. १८१७ मध्ये जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'त्रिंकोमाली' भरते जेमतेम दीड इंच. आणि त्या दीड इंचावर तीन डोलकाठ्या, शिडं, दोरखंड! हौशी मंडळी हे दोरखंड बारीक तारेने किंवा दोऱ्याने एकेक करून ओवतात. एका जहाजात एक अख्खा वीकेण्ड जातो.

खांदेरीची लढाई, सोफ्याखाली

ट्रफल्गारची जहाजं परदेशी कंपन्या विकतात. आपल्या मराठी आरमाराची हवी असतील तर बहुतेक वेळा स्वतःच बनवावी लागतात, कार्डबोर्ड कापून, लाकूड तासून, किंवा हल्ली थ्रीडी प्रिंटरवर. आणि खेळायला याहून सॉलिड लढाई कुठली? १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारींनी खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. १८ ऑक्टोबरला समुद्रात गाठ पडली. इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांच्या हाती लागलं आणि 'रिव्हेंज' सोडून बाकीच्यांनी काढता पाय घेतला. एकीकडे मोजकी मोठी जहाजं, दुसरीकडे वल्ह्यांवर पळणारी डझनावारी गलबतं. गेम म्हणून मस्त. पण ही डझनावारी गलबतं एरवी राहणार कुठे? शेंगदाण्याएवढं एकेक गलबत, त्याला तिरकं शीड. शिवाय गुराबा. गुराबेचं नाक पुढे लांब निघालेलं असतं, आणि डब्यात पहिलं मोडतं ते नाकच!

म्हणून साठवणीचा प्रश्न. इथे आपला मुख्य शत्रू म्हणजे मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर घरात पापड सादळतो, तिथे जहाजाचं काय! परदेशी पुस्तकं सांगतात, मॉडेल्स छान लाकडी कपाटात ठेवा. मुळीच ऐकू नका. जुनी मिनिएचर्स अनेकदा शिशाच्या मिश्रणाची असतात. ओकचं लाकूड, एमडीएफ, प्लायवूड, साधा पुठ्ठा यांतून आम्लाची हलकी वाफ सतत निघत असते. बंद कपाट, दमट हवा आणि ही वाफ एकत्र आली की शिशावर पांढरी भुकटी धरते. बुरशी वाटते, पण ती बुरशी नसते, धातूच सडत असतो. मोठमोठ्या म्युझियमांतल्या जहाजांचे नांगर आणि तोफा याच रोगाने गेल्यात. ही भुकटी विषारी आहे, तेव्हा फुंकर मारून उडवायची नाही. हातमोजे घालायचे आणि नंतर हात धुवायचे.

दुसरा शत्रू आईच्या कपाटात असतो. डांबरगोळ्या! शालूसाठी त्या ठीक आहेत, पण पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचं जहाज आणि नॅप्थलीनच्या गोळ्या एका बंद डब्यात राहिल्या तर प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात अधूनमधून तापवून पुन्हा कोरड्या करा.

फोमचंही तेच. गादीवाल्याकडचा पिवळा स्पंज स्वस्त पडतो, हवा तसा कापता येतो, दिसतोही प्रोफेशनल. पण आपल्या हवेत काही वर्षांत तो चिकट होतो किंवा त्याचा भुगा होतो आणि तो भुगा दोरखंडात अडकतो. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा फोम जास्त टिकतो. तरी शिडांच्या जहाजांना माझ्या मते कुठलाच फोम नको. फोम वरून दाबतो, आणि वरून दाब सहन करणारी डोलकाठी अजून कुणी बनवलेली नाही.

पाटाला धरा!

गणपती घरी आणताना मोठी माणसं काय सांगतात? मूर्तीला हात लावू नकोस, पाटाला धर. शिडांच्या जहाजाची अख्खी ट्रान्सपोर्ट पॉलिसी या एका वाक्यात बसते. जहाज बेसवर पक्कं, बेस डब्याच्या तळाला पक्का, आणि बाकी सगळं अधांतरी. तळाला पक्कं करायचं काम मॅग्नेटचं. बेसखाली मॅग्नेटिक शीटचा तुकडा चिकटवायचा आणि जहाज पत्र्यावर ठेवायचं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा झकास चालतो.

मग घरातला स्टीलचा डबा का नाही? घ्या, पण आधी फ्रिजवरचा मॅग्नेट लावून बघा. पुष्कळ चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला मॅग्नेट चिकटतच नाही! जेवढा डबा महाग, तेवढी ही शक्यता जास्त. अशा वेळी उलटा मार्ग घ्यायचा. कुठल्याही प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला मॅग्नेटिक शीट अंथरायची आणि जहाजाच्या बेसला लोखंडी वॉशर लावायचा. आणखी एक फंडा. मॅग्नेट सरळ ओढलं तर सुटत नाही, पण बाजूला सहज घसरतं. लोकलने करी रोडला ब्रेक मारला की अख्खं आरमार एका कोपऱ्यात गोळा! म्हणून दोन जहाजांमध्ये पट्टीचं छोटं कुंपण हवंच. टेस्ट गादीवर करा. झाकण लावून डबा उलटा करा, हलवा, मग उघडा.

खेटून ठेवू नका हा सल्ला काही आजचा नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला नांगरून होतं. एका जहाजावर तोफगोळा पडला, आग लागली आणि ती पसरत जाऊन अख्खं आरमार खाक झालं.

प्रवास कसा करायचा? गर्दीच्या वेळची लोकल बाद. डबा रॅकवर ठेवायचा नाही, वर कुणाची तरी ट्रॉली बॅग येऊन पडते. मांडीवर घ्या, किंवा सॅक पोटाशी. आता मेट्रो थेट गिरगावहून दादरला नेते, धक्के नसतात, एसी आहे. फक्त बॅग तपासणीच्या मशीनमध्ये तारा आणि धातूचे चाळीस तुकडे दिसले की डबा उघडून दाखवायची वेळ येऊ शकते, तेव्हा सेलोटेपने सील करू नका, रबरबॅण्ड लावा. टॅक्सी किंवा मित्राची कार असेल तर मे महिन्यात डबा बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. रेझिनची बारीक शिडं तापून वाकतात.

आणि मोठा प्रवास? तो रिडेव्हलपमेंटचा. गिरगाव, परळ, लालबागच्या किती घरांनी गेल्या काही वर्षांत सामान टेम्पोत भरलं! भाड्याच्या जागेत तीन-चार वर्षं, मग पुन्हा टेम्पो. पॅकर्सच्या हातात आरमार द्यायचं नाही, हे ठामपणे सांगतो. ते तुमच्यासोबत जाईल. मग ते किती असावं, हे आपोआप ठरतं. माझं मत विचाराल तर दोन हातांत मावेल तेवढं. दोनशे जहाजं माळ्यावर सडवण्यापेक्षा खांदेरीपुरती तीस-चाळीस रंगवा आणि दर महिन्याला खेळा.

स्वतः बनवलेल्या प्रत्येक जहाजाचे फोटो, मापं आणि प्रिंटची फाइल मात्र दोन ठिकाणी ठेवा. 'त्रिंकोमाली'चे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांच्या हाती पडलं आणि नष्ट झालं. नकाशांची दुसरी प्रत पाठवता आली, म्हणून मुंबईत बांधलेलं ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

जाता जाता एक. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठलं जहाज कुठे बसतं त्याचं चित्र चिकटवा. गेम रात्री अकराला संपते, सगळ्यांना शेवटची गाडी पकडायची असते आणि मदतीला येणाऱ्या मित्राला गुराब आणि गलबत यातला फरक कळत नाही!