चांदवडच्या जिल्हा परिषद शाळा: पट, पैसा आणि आपली जबाबदारी

चांदवड तालुक्यातल्या वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आज कोण शिकते? बहुतेक करून शेतमजुराची मुले, आदिवासी आणि मेंढपाळ कुटुंबांतली मुले, आणि आपल्या बौद्ध वस्तीतली मुले. ज्यांना परवडते त्यांनी आपली मुले पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी माध्यमाला पाठवली. त्यात आपले नोकरदार बांधवही आहेत. "झेडपीच्या शाळेत काही शिकवत नाहीत" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या शाळेला पैसा किती मिळतो, तो कशावर ठरतो आणि त्यावर कोणाची नजर असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सगळे पटावर ठरते

शाळेच्या पैशाचे दोन भाग असतात. शिक्षकांचा पगार राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत देते. शाळा चालवायचा रोजचा खर्च, म्हणजे वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, पाणी, स्वच्छता, हा समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून भागवायचा असतो. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे.

हे अनुदान पटसंख्येवर मिळते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, एक हजारापर्यंत ७५ हजार. म्हणजे २८ मुलांच्या वस्तीशाळेला महिन्याला साडेआठशे रुपयांच्याही आत भागवायचे. छत गळो की मोटार जळो, रक्कम तेवढीच. त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हाच पट ३२ झाला तर अनुदान अडीचपट होते.

शिक्षकांचेही तसेच. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. दोघांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की सगळे वर्ग एकाच्या अंगावर येतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष आणखी कडक केले. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे पदच मिळणार नाही, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला.

राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळा असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. त्याच वर्षी अशा शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. कागदावर ही सोय वाटते. पण वस्तीवरची शाळा बंद झाली आणि नवी शाळा मुंबई-आग्रा महामार्गाच्या पलीकडे असली, तर कांद्याच्या शेतात मजुरीला गेलेली आई सात वर्षांच्या मुलीला रोज तिथे कशी पोचवणार? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे, असा महाराष्ट्राच्या नियमांतच निकष आहे.

गुणवत्तेचे काय?

प्रश्न खरा आहे, तो झाकून चालणार नाही. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांमधील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते. म्हणजे कोरोनानंतर सुधारणा आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अजून मागे आहेत.

हे चक्र समजून घ्या. पट घटला की पैसा आणि शिक्षक घटतात. त्याने शिकवणे बिघडते. ते बिघडले की ऐपत असलेला पालक मूल काढून घेतो आणि पट आणखी घटतो. शेवटी ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, तोच तिथे उरतो.

बाबासाहेबांनी हिशेबच मांडला होता

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणावर भावनिक भाषण केले नाही, आकडे मांडले. सरकार शिक्षणावर माणशी फक्त १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी दाखवले. जेवढे जनतेकडून अबकारीत घेता, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी सांगितले.

आज आकडे बदलले, पण वृत्ती पुरती बदललेली नाही. दुर्बल घटकांतील गरीब मुलींची गळती थांबावी म्हणून १९९२ मध्ये पहिली ते चौथीसाठी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षे उलटली तरी तो एक रुपयाच राहिला.

आपण काय करायचे?

पहिले, शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असायला हव्यात. अध्यक्षही पालकच असतो. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे याच समितीचे काम आहे. आपल्या वस्तीतली आई तिथे फक्त सहीपुरती नको, बोलणारी हवी. तिला कागद वाचून दाखवणे हे आपले काम.

दुसरे, तारखा लक्षात ठेवा. न वापरलेले अनुदान ३१ मार्चनंतर हातचे जाते. म्हणून जानेवारीतच विचारा: किती आले, किती उरले, कशावर खर्च करणार?

तिसरे, ग्रामसभेत शाळेचा विषय मांडा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठीच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखला. शाळेचा नळ आणि मुलींचे स्वच्छतागृह त्यात बसते. हिशेब मिळत नसेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागा. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

चौथे, विहारात संध्याकाळी एक तास वाचनाचा वर्ग घ्या. पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक अडत असेल, तर त्याच्याजवळ बसायला पदवीधर कार्यकर्ता पुरेसा आहे.

जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आपण विहाराच्या फलकावर लावतो. एक रुपया इकडे-तिकडे झाला तर जाब विचारतो. तोच जाब गावच्या शाळेच्या दहा हजारांचाही विचारायला शिकूया. ती शाळा आपल्याच मुलांची आहे.